मुऱ्हाळीची चाकं

गच्चीवर जुन्या धोतरांवर बिबडे वाळायला पडले की समजावं, आखाजी आली. बिबडे म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचे, तीळ-लसूण-तिखट घातलेले जाडजूड पापड. वाळताना त्यांचा आंबूस वास जिन्याने खाली उतरतो आणि दुपारच्या झोपेत थेट माझ्या उशीशी येऊन बसतो. या दिवसांत नंदुरबारात भरदुपारी जो बाहेर पडतो त्याला एक तर काम असतं किंवा अक्कल नसते. मी घरातच असतो. तरीही माझी गणना दुसऱ्या गटात कशी होते, ते माझी बायको सुनंदा पाहुण्यांना सविस्तर सांगते.

परवा असाच पडलो होतो आणि घरच्या ग्रुपवर योगेशचा फोटो आला. योगेश हा माझा मामेभाऊ, रनाळ्याचा. फोटोखाली लिहिलं होतं, ‘फुई, येस लेवाले.’ म्हणजे आत्या, न्यायला येतो. मी फोन आईपुढे धरला. तिने चष्मा पुसला, फोन लांब धरला, जवळ धरला.

“योगेश कोठे शे हाईमा?”

खरंच नव्हता. फोटोत फक्त एक चाक होतं. काळंभोर, लाल कडेचं, परातीएवढं. चाकामागे गाडी असावी असा अंदाज करायचा आणि गाडीमागे योगेश.

बाहेरच्या मुलखात अक्षय तृतीयेला सोनं घेतात. आमच्या खानदेशात लेकी घेतात. म्हणजे सासरहून घरी घेऊन येतात. ती आखाजी. कडुनिंबाला दोर बांधतात, नऊवारीतल्या म्हाताऱ्यासुद्धा एकेक झोका घेतात, खाली उभ्या असलेल्या बाया त्यांना शिव्या देतात, आणि पुरुष पारावर पत्ते कुटतात. त्या दिवशी जुगार पाप नाही, असं आमच्या पूर्वजांनी स्वतःच ठरवून ठेवलंय. पूर्वजांचीही त्या दिवशी सोय असते. पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, आंबा, सांजोरी. डांगराचा तो पिकलेला, जरासा उतू गेलेला वास घरभर फिरत असतो आणि पितर आले की काय, असं उगाच वाटतं.

पण लेक आपणहून येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. भाऊ, नाही तर भावाचा मुलगा. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात उभा राहिल्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही, मग माहेर दोन गल्ल्या पलीकडे का असेना. आईचं माहेर रनाळं. तोंडात विडा धरून नंदुरबारहून निघालं तर पिंक टाकायला तिथेच उतरावं, एवढं अंतर. तरी आईने उभ्या आयुष्यात आखाजीला ते मुऱ्हाळीशिवाय ओलांडलेलं नाही. भटूमामा, तिचा धाकटा भाऊ, आधी बैलगाडी घेऊन आला, मग सायकल, मग राजदूत नावाचं ते खोकणारं फटफटं, आणि शेवटी ती पांढरी गाडी.

एका वर्षी मात्र कोणीच आलं नाही. होळीनंतर मामांना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. योगेश दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकलेला. मी आईला म्हटलं, चल, मी नेतो माझ्या गाडीतून.

“आंडोरनी गाडीमा बठीसन माहेरले जासू?” आई म्हणाली. “त्ये तं पाव्हनी व्हयनू मी. लेक कशी ऱ्हायनू?”

मुलाच्या गाडीतून गेलं तर पाहुणी, भाच्याच्या गाडीतून गेलं तर लेक. असले कायदे कुठल्या कोर्टात चालतात कोण जाणे. त्या आखाजीला तिने आमच्याच घरी घागर भरली, सगळ्यांना रस वाढला आणि स्वतः वाटी पालथी घातली. संध्याकाळी ओट्यावर बसून ती एवढंच बोलली, “दोन वरीस कोनी लेवाले उनं नही, का वाट मोडी गई समज.” वाट मोडली, म्हणजे माहेर संपलं. हा नियम मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. बहुधा तिनेच त्या संध्याकाळी केला असावा. पण केला म्हणजे केला.

म्हणून मग पुढच्या वर्षाची आखाजी. आजही बिबड्यांचा वास आला की मला इतर कुठलीच आठवत नाही, तीच आठवते.

आधी त्या पांढऱ्या गाडीविषयी सांगायला हवं. मामांनी ती सुरतेच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. स्टेशन वॅगन. पुढून साधी मोटार, मागून न संपणारी. आमच्या भागात तेव्हा अशी दुसरी नव्हती. मामांना ती फार आवडायची. “माणसं बी बठतस, मिरच्या बी बठतस,” म्हणायचे. लकवा झाला तेव्हा त्यांना मागे आडवं झोपवून त्याच गाडीतून नंदुरबारला आणलं. पण पांढरा रंग, लांबट डबा आणि मागे उघडणारं दार, यामुळे एक घोटाळा व्हायचा. रस्त्यावरची माणसं ती शववाहिका समजायची. सायकलवाले उतरून बाजूला व्हायचे, बाया पदर डोक्यावर घ्यायच्या, म्हातारे हात जोडायचे. एका लग्नात योगेशने ती वरातीच्या मागे लावली तर बँडवाल्यांनी वाजवणं थांबवून वाट दिली.

आता पस्तिशीच्या, दोन मुलांच्या बापाला याची लाज वाटणं मी समजू शकतो. गाडीला रंग देता आला असता. विकता आली असती. योगेश सुरतेला गेला आणि मोठी चाकं बसवून आला.

ती पाहायला मला मुद्दाम बोलावलं होतं. जुनी चाकं गाडीच्या पोटाखाली निमूट असायची, चांगल्या घरच्या नोकरासारखी. ही नवी चाकं दोन्हीकडून बाहेर आलेली, आणि त्यांच्यावरचं रबर इतकं पातळ की लोखंडी परातीला काळी दोरी गुंडाळल्यासारखं. मागच्या दाराशी गुडघ्यावर बसून योगेशने मला एक उरलेली चकती हातात दिली. जाड, चकचकीत, भोकं पाडलेली.

“हाऊ स्पेसर,” तो म्हणाला. “चाक अन् गाडीना मझार बठस.”

“काम काय याचं?”

“चाक बाहेर येस.”

“बाहेर येऊन काय करतं?”

योगेशने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. “दिसस,” तो म्हणाला.

दिसस! या एका शब्दावर आमच्या गावाचा अर्धा कारभार चालतो. दुकानाची पाटी गटार ओलांडून रस्त्यावर येते, का तर दिसस. वाढदिवसाचा फलक सिग्नल झाकून टाकतो, दिसस. लग्नातलं स्टेज एवढं मोठं की त्यावरचे नवरानवरी खालून दोन बटणांसारखे दिसतात. पण स्टेज दिसस. जिना बाहेर, कट्टा बाहेर, भोंगा बाहेर. आत कोण राहतं याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. आणि आता चाक आणि गाडी यांच्यात घालायला रिकामं अंतरसुद्धा बाजारात मिळायला लागलं. असं अंतर सुरतेला जाऊन, रात्रीचा मुक्काम करून विकत आणणाऱ्या माणसाला मी काय म्हणावं? मी “वा” म्हटलं. नातेवाइकांत माझी सभ्य अशी ख्याती आहे. शिवाय माझं स्वतःचं पोट चाळिशीनंतर कसल्याही स्पेसरशिवाय बाहेर आलेलं आहे आणि तेही दिसतं, त्यामुळे मला फार बोलता येत नाही.

तर त्या वर्षी योगेशचा फोन आला, “फुई, मी येस लेवाले. तयार ऱ्हाय.” आई आठवडाभर तयार होती. बिबड्यांचा डबा भरला, कारण मामांना तिच्याच हातचे लागतात. कुंभारवाड्यातून दोन घागरी आणल्या, टिचकी मारून, आवाज ऐकून. डांगरांचं अर्धं पोतं. आणि गुडघ्यांमुळे तिला लागणारी ती मधे भोक असलेली खुर्ची, जिचा उल्लेख आमच्या घरात नुसता ‘ती खुर्ची’ असा होतो. सत्तरी ओलांडलेली बाई, पण सकाळपासून वेणी घालून, नवं लुगडं नेसून ओट्यावर अशी बसली होती की जणू लग्नानंतरची पहिलीच आखाजी.

गाडी आली. गल्ली बघायला जमली. योगेश उतरून फुईच्या पाया पडला आणि चाकांपाशी असा उभा राहिला की कोणीतरी विचारावं. कोणी तरी विचारलंच. त्यात बराच वेळ गेला. मग सामान चढलं, ती खुर्ची चढली, सुनंदाने खालून आणि योगेशने वरून असं करून आईला चढवलं. शेवटी मी बसलो. मी बसल्यावर गाडी मागून जरा हुंकारली. तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. माझ्या बाबतीत रिक्षाही हुंकारतात.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. त्यावरून उतरताना मागून ‘खर्रर्र’ असा आवाज आला, खरवड काढताना कढईचा येतो तसा.

“काय रे?”

“काही नही दादा. नवा टायर शे, बठी जाई.”

टायर बसेना. गावाबाहेर पडलो, मिरची वाळवायच्या रिकाम्या पथाऱ्या मागे टाकल्या. मिरची उचलून महिने झाले तरी तिथली माती लाल असते आणि वाऱ्याबरोबर नाकात येते. आई शिंकली की खर्रर्र, खड्डा आला की खर्रर्र, वळणावर तर लांबलचक खर्रर्रर्र. करपलेल्या रबराचा वास यायला लागला. सुनंदाने नाकाला पदर लावला. आई मात्र खिडकीतून ओळखीची झाडं मोजल्यासारखी बघत होती, तिच्या चेहऱ्यावर कसलाच वास पोचला नव्हता.

योगेशने गाडी बाजूला घेतली, खाली वाकून पाहिलं आणि माझ्या खिडकीशी आला.

“दादा, तू जरा उतर.”

मी उतरलो. गाडी सगळ्यांच्या देखत चांगली चार बोटं वर आली. सुनंदा खिडकीबाहेर बघत हसली. पंचवीस वर्षांत ती एवढी मनापासून हसलेली मला आठवत नाही. योगेशने गाडी थोडी पुढे नेऊन पाहिली. आवाज कमी झाला. “आते वहिनी, तू,” तो म्हणाला. सुनंदा उतरली, हसू आत ठेवून. आवाज आणखी कमी झाला. मग डांगरांचं पोतं उतरलं. मग तो आईकडे बघायला लागला.

“मन्हाकडे काय देखस?” आई म्हणाली. “मी उतरनू तं तू लई जाशी काय? बिबडा?”

तेव्हा मला या सगळ्यातली गंमत कळली. मुऱ्हाळी येतो तेव्हा रिकामा येतो आणि जाताना भरून जातो. बैलगाडीच्या काळापासून हेच चालत आलंय. योगेशने चाकं बसवली, रनाळ्याहून एकटा गाणी लावून झोकात नंदुरबारला आला, आणि गाडी पसंत केली. मागच्या बाजूला माणसं बसली की गाडी खाली येते, आणि बाहेर आलेलं चाक वरच्या पत्र्याच्या कडेला लागतं, एवढी साधी गोष्ट त्याने बघितलीच नव्हती. त्याची गाडी फक्त येण्यापुरती झाली होती. न्यायच्या कामातून गेली होती. एका कामासाठी निघालेल्या माणसाने नेमकं त्याच कामाचं वाहन बिघडवून यावं, यासाठी सुरतेपर्यंत जावं लागतं.

चालत तर जाता येत नव्हतं. पुन्हा सगळे बसलो. योगेश आता इतका हळू चालवत होता की कडब्याचा ट्रॅक्टर आम्हाला हॉर्न देऊन पुढे गेला. अर्धा रस्ता असाच संपला. मग नाल्यावरच्या फरशीच्या उताराला गाडी खाली दबली, ‘खर्र’ झालं, आणि लगेच ‘फट्’.

पत्र्याने टायरची बगल सुरीसारखी चिरली होती. आतून धाग्यांची पिंजण बाहेर आली होती.

“स्टेपनी काढ,” मी म्हणालो. मोटारींविषयी मला येतं ते हे एक वाक्य.

योगेश टायरच्या चिरेत बोट घालून बघत बसला. मीच मागचं सामान हलवून खालचं झाकण उचललं. स्टेपनीच्या खड्ड्यात एक गोल, काळा, भलामोठा स्पीकर ऐसपैस बसला होता.

त्याने दोन-तीन फोन केले. या मापाचा टायर नंदुरबारात कोणाकडे नव्हता. सुरतेहून येईल, उद्या-परवा. आम्ही बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभे होतो. आई ‘त्या’ खुर्चीवर बसली होती, भर रस्त्यात, आणि त्याची लाज फक्त आम्हाला वाटत होती. तिने घागरीवर ओला फडका टाकला. मग योगेशला म्हणाली, “तुन्हा बाप दुपारथाईन दारमा बठेल व्हई.” आरोप नव्हता आवाजात. काळजी होती, आणि मागच्या वर्षीची ती संध्याकाळ होती. मला ऐकू आली. योगेशला आली की नाही, सांगता येत नाही. तो पंक्चर चाकावरची धूळ पुसत होता.

तेवढ्यात दोंडाईच्याकडे जाणारी काळीपिवळी आली. आत माणसं कोंबलेली, टपावर कोंबड्यांची पाटी. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “तीन जागा शेत. चाला पटकन.”

“फुई, तू अन् वहिनी जा,” योगेश म्हणाला. “मी अठेच थांबस.”

“काबरं?”

“चाकं काढी लई जातीन कोनी.”

आई उठली नाही.

“वहिनी शे ना संगे,” योगेश म्हणाला.

“ती मन्ही सून शे. मुऱ्हाळी तू शे.”

“अवं फुई, नवी चाकं शेत...”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. आतून एका म्हातारीने डोकं काढून विचारलं, “काय व्हयनं वं माय?” आणि आई काही बोलायच्या आत सुनंदाने उत्तर दिलं. सुनंदा मूळची धुळ्याची, आमच्या घरात मोजकं बोलते, पण बोलते तेव्हा तिखट. “काही नही मावशी. मुऱ्हाळी चाकं राखी ऱ्हायना.”

काळीपिवळी हसली. आख्खी. टपावरच्या कोंबड्यासुद्धा फडफडल्या. योगेशचा चेहरा उन्हापेक्षा लाल झाला, पण पाय चाकापासून हलले नाहीत. तो एकदा आईकडे बघायचा, एकदा चाकांकडे. मी ते पाहिलं आणि मला माणसाचा असा तिटकारा आला की तसा मला सहसा फक्त आरशात येतो.

“जा तू,” मी म्हणालो. “मी राखतो.”

यात मोठेपणा शोधू नये. जागा तीनच होत्या, आणि काळीपिवळीच्या हिशेबात मी एकटाच दोन जागांचा आहे. आईने माझ्याकडे पाहिलं आणि उठली. योगेशने तिला आत बसवलं, घागरी स्वतःच्या मांडीवर घेतल्या, डबा पायाशी. ती खुर्ची कोंबड्यांशेजारी टपावर चढली. गाडी हलता हलता तो ओरडला, “दादा, मांगला डावा चाकवर ध्यान ठेवजो! त्याना नट ढिला शे!”

मी हात हलवला.

मग मी, डांगरांचं पोतं आणि ती चार चाकं. बाभळीची सावली सरकत होती तसा मीही सरकत होतो. शेतं नांगरून उघडी पडलेली, लांब कुठेतरी केळीची हिरवी पट्टी, आणि वारा भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखा. या वेळात मी भटूमामांना सांगायची वाक्यं तयार केली. चांगली होती. ‘मामा, तुमच्या मुलाने बहिणीला आणायला चाकं पाठवली.’ हे एक. ‘स्टेपनीच्या जागी वाजंत्री आहे,’ हे दुसरं. घासून घासून त्यांना धार आणली. मामा जड जिभेने का होईना, पण पोराची खरडपट्टी काढतील, आई त्यात भर घालेल, आणि संध्याकाळी झोक्याखाली हाच विषय चालेल, हे मी डोळ्यांपुढे आणून सुखावत होतो. मधेच मोटारसायकलवरचे दोघं थांबले. “भारी चाकं शेत दादा! कोठली?”

“सुरतेची,” मी म्हणालो. पोट आत घेतलं होतं, ते मला नंतर कळलं.

ऊन कलायला लागलं तेव्हा सुनंदाचा फोन आला. “पोचलो,” ती म्हणाली, आणि मग घाईत, “थांबा, ठेवू नका, आई दारात आहेत.” तिने फोन हातातच धरून ठेवला असावा. मला भांड्याचा आवाज आला, बायकांची गडबड आली, “तांब्या द्या, तांब्या द्या.” माहेरी आलेल्या लेकीच्या पायावर उंबऱ्याबाहेर पाणी घालतात. ते भावाने घालायचं असतं. मामांचा उजवा हात तर केव्हाच गेलेला. कोणीतरी म्हणालं, “डावा हातमा द्या त्यासले.”

मग मामांचा आवाज आला. शब्द दगडासारखे एकेक उचलून ठेवलेले.

“लय... येळ... लावा... अक्का.”

आता, मी म्हटलं. फोन कानाला घट्ट धरला. आता योगेशची सालं निघणार. काळीपिवळी, कोंबड्या, बाभूळ, रस्त्यातली खुर्ची, सगळं निघणार. आई बोलायला लागली की कोणाला सोडत नाही, हे मी पन्नास वर्षं स्वतःच्या पाठीवर सोसलंय.

“मालेच निंघाले उशीर व्हयना रे भाऊ,” आई म्हणाली. “तुन्हा आंडोर तं सकायथाईन येल व्हता. तू पानी टाक.”

मग तांब्या उंबऱ्याला खणकला. आणि मग पाणी पडल्याचा आवाज, थोडं तांब्याच्या काठावर, थोडं दगडावर.